भोरगिरी ते भीमाशंकर एका दिवसात : या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातल्या भोरगिरी गावाहून भीमाशंकरच्या देवळाकडे जाणारी जंगलातली पायवाट सोपी समजली जाते. शिडी नाही, दोर लागत नाही, अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. सोपी म्हणून लोक तयारी न करता निघतात आणि अंधारात अडकतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळून कार्तिकात, आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर या वाटेवर तास तास माणूस भेटत नाही. हिरड्या-जांभळांच्या शेंड्यांतून शेकरूचा आवाज तेवढा येत राहतो. या शांततेसाठीच इथे यावं. पण काही बिनसलं तर मदतीलाही जवळपास कोणी नसतं, हे धरूनच बेत आखायला हवा.

पहिली चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. मोजायचा तो उजेड. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या बरंच आधी पायाखालचा दगड दिसेनासा होतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरतात : तासाला पाच किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर उंची चढायला एक तास जादा. पण हा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा हिशेब आहे. सोबत लहान मूल किंवा गुडघे दुखणारे काका असतील तर वेळ दुप्पट धरा. सकाळी आठला निघालात आणि त्याच वाटेने परतायचं असेल, तर साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरा. देऊळ अर्ध्या तासावर राहिलं असेल तरीही.

परतायचं कसं, हे न ठरवता निघणं ही दुसरी चूक. गाडी भोरगिरीत आणि तुम्ही भीमाशंकरला, असं झालं की रस्त्याने तळेघर-वाडा असा मोठा वळसा पडतो. एसटीने परतणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ त्याच आठवड्यात डेपोत विचारून घ्या, नेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी वनविभागाकडे चौकशी करा. अभयारण्यातल्या काही वाटा त्या दिवसांत बंद ठेवतात.

वाट चुकण्याचं खरं कारण म्हणजे ढोरवाटा. गुरं चरायला जातात, माणसं हिरडा गोळा करायला जातात, त्यांच्या पायांनी मळलेल्या वाटा मुख्य वाटेइतक्याच ठसठशीत दिसतात. ओळखण्याची एक खूण आहे. ढोरवाटेवर थोड्याच वेळात फांद्या छातीला लागू लागतात, कारण ती गुरांच्या उंचीची असते. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं. तसंच गावात विचारताना “ही वाट भीमाशंकरला जाते का?” असं विचारू नका. फिरून फिरून जात असली तरी मामा “जाते की” म्हणणार, आणि ते खोटंही नसतं. “मामा, भीमाशंकरला कुठल्या वाटेनं जाऊ? मधे फाटे कुठं लागतात?” असं विचारा आणि उत्तर नीट ऐकून घ्या. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या, त्याला योग्य पैसे द्या.

तरी चुकलातच, तर थांबा. शेवटची खात्रीची जागा आठवा आणि आलात त्याच पावली तिथवर मागे या. आडवं घुसून वाट जोडायचा प्रयत्न करू नका. ओढा धरून खाली उतरण्याचा मोह तर सह्याद्रीत जिवावर बेततो. घाटमाथ्यावरून कोकणाकडे वाहणारे ओढे कड्यावरून थेट कोसळतात. वरून ते दिसत नाही, कड्याच्या तोंडाशी गेल्यावरच कळतं. फोनला रेंज नसली तरी आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावर तुमची जागा दिसते. त्यासाठी बॅटरी राखून ठेवा. रेंज मिळाली तर 112 या मदत क्रमांकावर फोन करा.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. संक्रांतीनंतर वाटेतल्या ओढ्यांच्या भरवशावर राहू नका. अत्तर लावू नका, धूर करू नका : आग्या मोहोळ उठलं तर डोकं-तोंड झाकून दूर पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही. साप चावला तर चावल्या जागी चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून दवाखान्याकडे न्या.

आणि घरी नुसतं “ट्रेकला जातोय” असं सांगून निघू नका. कुठून कुठे जाणार, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे कागदावर लिहून द्या. भोरगिरीत ज्या घरी चहा घ्याल तिथल्या मावशींनाही हेच सांगा आणि त्यांचा नंबर घरी कळवून ठेवा.