ट्विटर जळला तो माझ्यामुळं

कोल्हापुरात कळंब्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक झालो आणि शाहूपुरीतल्या एका कार डेकोरच्या दुकानात गाड्यांत स्पीकर बसवायच्या कामाला लागलो. पहिले काही महिने काम एकच होतं, डोअर पॅड, म्हणजे दाराची आतली झाकणं, काढायचे आणि बसवायचे. हँडलच्या मागं दडवलेला स्क्रू शोधायचा, प्लॅस्टिकची पट्टी घालून क्लिपा एकेक सोडवायच्या, मोडल्या तर वस्तादांच्या शिव्या खायच्या. आता हाताखालची पोरं "दादा, क्रॉसओव्हर कधी शिकवणार?" म्हणून मागं लागतात. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करून ज्या त्या स्पीकरला देणारी डबी. त्यांनाही मी आधी पॅडच काढायला लावतो.

थिअरी लागते, पण फार नाही. गाडीच्या टेपवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर, '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं, तो क्षणभराचा कमाल आकडा. सलग मिळतात ते चॅनेलमागं, म्हणजे एकेका स्पीकरच्या जोडीमागं, साधारण १५ ते २० वॅट. त्यामुळं अँप्लिफायर बसवायचा नसेल तर स्पीकरच्या खोक्यावरचे वॅट बघत बसू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठ्यानं वाजतो तो आकडा. ९० डेसिबलचा स्पीकर जितका वाजतो तितकं वाजायला ८७ डेसिबलवाल्याला दुप्पट पॉवर लागते.

कॉम्पोनंट सेट म्हणजे बहुतेकदा खालचे सूर वाजवणारा साडेसहा इंची वूफर, वरचे सूर वाजवणारा वेगळा छोटा स्पीकर म्हणजे ट्विटर, आणि दोघांना आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर. त्यातला कंडेन्सर (कपॅसिटर) खालचे सूर अडवतो, कॉइल वरचे. ४ ओहमच्या ट्विटरला १२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सीरिजमध्ये लावला की वाटणी ३३०० हर्ट्झच्या आसपास होते. ४.७ चा लावला तर ती साडेआठ हजारांजवळ जाते. हे गणित एकदा स्वतः कागदावर सोडवा. आयटीआयमध्ये मी ते पाठ केलं होतं, पण कळलं नव्हतं. किती कळलं नव्हतं, ते एका निवृत्त गुरुजींच्या गाडीनं दाखवलं.

गुरुजी नाट्यसंगीताचे शौकीन. गाडीत कंपनीचा वूफर दारात आणि छोटा ट्विटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. वस्ताद बाहेर गेले होते, मी एकट्यानं काम घेतलं. दारात जागा होती म्हणून क्रॉसओव्हर दारातच बसवला. इनपुटला दारातली वायर, आउटपुटला नवा वूफर, झकास. आता ट्विटरचं आउटपुट दारातून डॅशबोर्डपर्यंत न्यायचं तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून नवी वायर ओवावी लागते. ते काम किती किचकट असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. मी म्हटलं, ट्विटरला कंपनीची वायर आलीच आहे, आणि कंपनीनं तिच्यावर खालचे सूर अडवणारा फिल्टर ठेवलाच असणार. जुना ट्विटर काढला, नवा त्याच कपलरला (वायरीच्या टोकाच्या प्लगला) जोडला. गुरुजी खूश होऊन गेले.

चार दिवसांनी परत आले. "अरे, डावीकडनं तानच येईना झालीय."

वस्तादांनी ट्विटर काढून मीटर लावला. चांगल्या ४ ओहमच्या ट्विटरला तीन-साडेतीन ओहम दिसायला हवेत, इथं काहीच नाही. ट्विटरच्या आतली कॉइल तुटलेली. मग त्यांनी भंगाराच्या डब्यातनं कंपनीचा जुना ट्विटर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाठ बघ त्याची." पाठीला एक बारका कंडेन्सर सोल्डर केलेला होता. फिल्टर वायरीवर नव्हताच, ट्विटरवर होता, आणि मी तो स्वतःच्या हातानं काढून टाकला होता. नव्या ट्विटरला चार दिवस तबल्याचा डग्गासुद्धा मिळत होता.

"मीटर लावला हुतास का नुसता कान?" एवढंच बोलले. पैसे मात्र माझ्या पगारातनं गेले, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्यांदा काम त्यांनी समोर बसून करून घेतलं. टेपचा कपलर, दोन्ही स्पीकर, सगळं सोडवलं आणि मीटर पीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवला, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक दारातल्या वायरीला, दुसरं डॅशबोर्डच्या ट्विटरच्या वायरीला. पीप वाजली. म्हणजे टेपमधून एकच जोडी निघते आणि आत कुठंतरी तिला फाटा फुटतो. मग क्रॉसओव्हर दारातून काढून ग्लोव्हबॉक्सच्या मागं नेला. टेपकडून येणारी जोडी त्याच्या इनपुटला, वूफरचं आउटपुट दाराकडं जाणाऱ्या जुन्याच वायरीला, आणि ट्विटरला नवी हातभर वायर. कंपनीचा ट्विटरचा कपलर चिकटपट्टी गुंडाळून मोकळा ठेवला. रबरी नळीला हातच लावावा लागला नाही! तेव्हापासून पीप ऐकल्याशिवाय मी कुठल्या गाडीत क्रॉसओव्हर जोडत नाही.

बाकीचं थोडक्यात. स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीही बॉडीला अर्थ करू नका. आजच्या टेपमध्ये दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, टेपची आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला आवाज देणारी चिप, जाऊ शकते. वूफरची प्लस-मायनस बाजू ओळखायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लागला की कोन बाहेर येतो. ट्विटरवर हा प्रयोग नको. त्याच्या खुणाच बघा, कारण काही क्रॉसओव्हरमध्ये कंपनी ट्विटर मुद्दाम उलटा जोडते. काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेटला लागत नाही ना, हे पॅड बसवायच्या आधी बघा. काचेशेजारच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, आणि वायर एअरबॅगच्या पुढून ओढू नका.

आणि पाऊस. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद पाणी आत गाडीत येऊ नये म्हणून असतो. घाईत तो फाडणारे पुष्कळ आहेत. गगनबावड्याकडचं एखादं गिऱ्हाईक जुलैत भिजलेली मॅटं घेऊन दारात उभं राहिलं की मग आठवतं. स्पीकरखाली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग घालत असाल तर तिला रंगाचे दोन हात द्या, नाहीतर ती फुगते.

मी अजूनही कागद चिकटवून झाला की काच वर घेतो, बाहेरून तिच्यावर दोन तांबे पाणी ओततो आणि आतून कागदावर हात फिरवतो. कोरडा लागला तरच पॅड बसवायचा.