सोलो क्रॉस-कंट्रीच्या तयारीत या चुका टाळा

सोलो क्रॉस-कंट्री म्हणजे विद्यार्थ्याने एकट्याने एका विमानतळावरून दुसरीकडे केलेलं लांबचं उड्डाण. वैमानिक प्रशिक्षणाला बाहेर गेलेली गोव्यातली मुलं सुट्टीत माझ्याकडे फोंड्याला येतात, तेव्हा मी त्यांना कागदावर एक मार्ग आखायला लावतो: दाबोळी ते बेळगाव, साधारण 55 नॉटिकल मैल (पुढे ‘मैल’ म्हणजे हेच, एक मैल सुमारे 1.85 किलोमीटर). दाबोळी नौदलाचा विमानतळ, तिथून एकट्या विद्यार्थ्याने उडायचा प्रश्नच नाही. पण जमीन ओळखीची असली की आपली चूक पटकन कळते.

सगळ्यात घातक चूक एकच: खाली काहीतरी दिसलं की ते नकाशात शोधायला लागणं. शोधलं की सापडतंच! क्रम उलटा हवा. आधी घड्याळ, मग नकाशा, शेवटी खिडकी. 90 नॉट ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या हिशेबाने तासाला 90 मैल) 10 मिनिटांत 15 मैल होतात, म्हणजे दाबोळीपासून सुमारे 21 मैलांवरचं अंजुणे धरण चौदाव्या मिनिटाच्या आसपास यायला हवं. अठराव्या मिनिटाला डावीकडे पाणी दिसलं आणि तुम्ही ‘आलं अंजुणे’ म्हणालात, तर ते बहुधा तिळारी धरण असेल आणि तुम्ही बरेच उत्तरेला सरकलेले असाल. मे महिन्यात पाणी आटलं की जलाशयाचा आकार नकाशाशी जुळत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून चेकपॉइंट, म्हणजे वाटेवरची ओळखायची जागा, निवडताना नुसतं पाणी धरू नका; बांध कुठल्या बाजूला, नदी कुठून निघते, रस्ता कुठे ओलांडतो, अशा तीन खुणा लिहा. साळावली धरणाचा गोल सांडवा कुणी चुकणार नाही. तशी खूण शोधा.

माझ्या पहिल्या लांबच्या सोलोत मी सोळाव्या मिनिटाचा तलाव अकराव्या मिनिटालाच ‘ओळखला’ आणि वळलो. बांध चुकीच्या बाजूला दिसला तेव्हा घशाला कोरड पडली. टेक-ऑफची वेळच लिहिली नव्हती, अकरा हा आकडाही अंदाजाचा. तेव्हापासून पेन्सिल दोरीने गुडघ्याच्या पॅडला बांधतो.

मार्ग सोडून सरकलात तर साठाचा हिशेब करा, 60 मैलांत 1 मैल बाजूला म्हणजे 1 अंश: 20 मैलांत 2 मैल बाजूला म्हणजे 6 अंशांची चूक. अंदाजाने हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) फिरवू नका.

दुसरी चूक परफॉर्मन्सची, म्हणजे विमान किती चढेल, किती धावपट्टी घेईल याच्या हिशेबाची. बेळगावचा विमानतळ सुमारे 2,500 फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी 35 अंश तापमानात तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) 5,500 फुटांच्या आसपास जाते. किनाऱ्यावर जसं विमान चढतं तसं तिथे चढणार नाही. विमानाचा परफॉर्मन्स तक्ता उतरायच्या ठिकाणासाठी आणि परतीच्या टेक-ऑफसाठीही बघा. त्याच दुपारी घाटावर वळवाचे ढग उभे राहतात, म्हणून सकाळी लवकर निघा. नजरेने उडताना ढगांपासून आडवं 1,500 मीटर आणि उभं 300 मीटर अंतर, 5 किलोमीटर दृश्यमानता, हे आकडे पाठ हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या चेकपॉइंटवरून मागे फिरायचं ते निघण्याआधीच नॅव्हलॉगवर (मार्ग आणि वेळा लिहायच्या कागदावर) लिहा. हवेत तो निर्णय घ्यायला मन तयार होत नाही. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर दमट हवेत 25 अंशांनाही आत बर्फ धरतो; कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) विसरू नका.

कागदपत्रं: स्टुडंट पायलट लायसन्स, मेडिकल, इन्स्ट्रक्टरची सही, फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना). इंधन पोहोचण्यापुरतं नव्हे, वर किमान 30 मिनिटांचं. मी तासाभराचं सांगतो. सीपीएलसाठीच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठीच्या) 300 मैलांच्या उड्डाणात दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग (उतरून पूर्ण थांबणं) लागतं, टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) धरत नाहीत.

आणि वाट चुकलात तर लाजू नका. वर चढा, रेडिओवर सांगा. कुणी उत्तर देत नसेल तर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, संकट वाटलं तर ट्रान्सपॉंडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) 7700 हा संकटाचा कोड. हुशार मुलं इथेच गप्प बसतात, इन्स्ट्रक्टरला काय वाटेल म्हणून. म्हणून ‘अनशुअर ऑफ पोझिशन, रिक्वेस्ट असिस्टन्स’ (कुठे आहे ते नक्की माहीत नाही, मदत हवी) हे वाक्य मी प्रत्येकाकडून माझ्या ओसरीवर मोठ्याने दहा वेळा म्हणून घेतो.