बेडूक आत आणायच्या आधी बाहेर जायचा रस्ता ठरवा: प्राणिसंग्रहालयात उभयचरांची पैदास करून त्यांना परत कसं सोडायचं

बेडूक, भेक (बेडकाचेच भाईबंद, बहुधा खरखरीत कातडीचे), सरड्यासारखे दिसणारे शेपटीवाले सॅलॅमँडर आणि न्यूट, आणि बिनपायाची देवगांडुळं हे सगळे उभयचर, आणि यांच्या जवळपास 41 टक्के जाती आज नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, म्हणजे पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षाही यांची अवस्था वाईट आहे. काही जातींचा तर निसर्गात एकही जीव उरलेला नाही, जे आहेत ते कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत, काचेच्या टाक्यांमध्ये. त्या खोलीत काय चालतं आणि हे काम नीट करायचं तर कुठल्या क्रमाने करायचं ते इथे लिहितोय, प्राणिसंग्रहालयात नव्याने लागलेल्यांना आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच सांगतो, पिल्लं काढणं अवघड असतंच, पण त्याहून अवघड दोन गोष्टी आहेत, आजार आत-बाहेर जाऊ न देणं आणि मुळात बेडूक ज्या कारणाने संपले ते कारण दूर करणं.

सुरुवात तलावापासून करा, टाकीपासून नाही

एखादी जात कमी होतेय कळलं की पटकन चार बेडूक पकडून आणावेसे वाटतात, पण थांबा, आधी ती कशामुळे कमी होतेय ते शोधा. पाणथळ जागा बुजली का, पाण्यात कीटकनाशक उतरतंय का, बाहेरचे मासे सोडल्यामुळे अंडी खाल्ली जातायत का, की बेडकांना मारणारी बुरशी आलीय. जागा वाचवून किंवा मासे काढून काम होत असेल तर तेच करा, ते स्वस्तही पडतं आणि बेडकांनाही बरं. आत आणायचं ते दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, पण उरला नसेल तर उशीरही करायचा नाही, कारण शेवटचे पाच-सहा जीव हातात आल्यावर फारसं काही करता येत नाही.

टांझानियातल्या किहान्सी घळीतला तुषार भेक बघा. जेमतेम तीन सेंटीमीटरचा पिवळा जीव, धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या दोन हेक्टरच्या आसपास जागेत राहायचा, बाकी जगात कुठेच नाही. 2000 मध्ये वर धरण झालं, धबधब्याचं सुमारे 90 टक्के पाणी वळवलं गेलं आणि तुषारच बंद झाले. त्याच वर्षी 499 भेक अमेरिकेत ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाकडे नेले, तिथून काही बाकीच्या ठिकाणी गेले, आणि सुरुवातीला ते इतके मेले की पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. घळीत तुषार उडवणारे नळ बसवले, पण 2003 मध्ये तिथली संख्या कोसळली आणि तिथे बुरशीही सापडली, 2009 मध्ये ही जात निसर्गातून नामशेष म्हणून जाहीर झाली. तोवर ब्राँक्स आणि टोलेडो या अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या लोकांना या भेकाची नाडी सापडली होती, संख्या हजारांत गेली, आणि 2012 मध्ये दोन हजारांच्या वर भेक परत घळीत सोडले. पण लक्षात घ्या, परत सोडता आले कारण तिथले नळ चालू ठेवले होते. ते नसते तर आतमध्ये लाखभर भेक वाढवूनही उपयोग नव्हता. म्हणून पहिल्याच बैठकीत हे लिहून काढा: कुठे सोडायचे, तिथे काय बदललेलं असायला हवं, ते कोण बदलणार.

खोली आधी, बेडूक नंतर

बुरशीबद्दल थोडं. हिला कायट्रिड म्हणतात, 1998-99 च्या सुमारास ती ओळखली गेली, ती बेडकाच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो, त्यामुळे कातडी बिघडली की रक्तातले क्षार ढासळतात आणि शेवटी हृदय बंद पडतं. 2019 मधल्या मोठ्या अभ्यासानुसार या बुरशीमुळे किमान 501 जाती घटल्या आणि त्यातल्या 90 नामशेष झाल्या असं मानतात. सॅलॅमँडरना मारणारी तिची बहीण 2013 मध्ये उजेडात आली.

आता मायोर्काची गोष्ट, जी या कामात येणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवी असं मला वाटतं. स्पेनच्या या बेटावरचा दाई भेक, ज्यात नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतो, तो 1977 मध्ये फक्त जीवाश्मांवरून माहीत होता आणि नंतर दोन-तीन वर्षांत जिवंत सापडला. इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयाने 1985 पासून त्याची पैदास केली, 1989 पासून बेटावर सोडायला सुरुवात झाली, नवीन ठिकाणी वस्त्या तयार झाल्या, सगळे खूश. आणि 2008 मध्ये कळलं की त्याच सोडण्यातून बेटावर कायट्रिड पोहोचली होती, बहुधा त्याच जागी ठेवलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या बेडकांकडून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तेव्हा या बुरशीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. पुढे तिथल्या कुंडांमधले टॅडपोल, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, काढून बुरशीनाशक औषधाच्या पाण्यात ठेवले, परत सोडले तर परत लागण. मग कुंडं रिकामी करून खडकांनाही जंतुनाशक मारलं तेव्हा कुठे ती गेली, 2015 मध्ये हे छापून आलं.

म्हणून खोलीचे नियम कडक ठेवा. एका खोलीत एकाच जागेच्या जाती ठेवा, जगभरातले बेडूक एकत्र नकोत. पॅनामात आणि ऑस्ट्रेलियात जहाजाचे जुने कंटेनर वापरून अशा वेगळ्या खोल्या केल्यात, ते सोयीचं पडतं. खोलीत जायचे बूट आणि कपडे वेगळे, जाळी-चिमटे-बादल्या त्याच खोलीच्या, टाकी बदलली की हातमोजे बदलायचे. कामाचा क्रमही ठरलेला ठेवा, निरोगी बेडूक आधी आणि क्वारंटाइनमधले सगळ्यात शेवटी, उलट कधीच नाही. नवीन आलेला बेडूक किमान 30 दिवस वेगळा ठेवायचा, कातडीचा स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणारी चाचणी, करायची, तीसुद्धा एकदा नाही तर पुन्हा पुन्हा. आणि सांडपाणी! टाकीतलं पाणी तसंच गटारात सोडलं तर सगळं मुसळ केरात, आधी ब्लीचने किंवा उष्णतेने ते निर्जंतुक करा.

किती आणायचे आणि हिशोब कसा ठेवायचा

साधारण 20-25 एकमेकांच्या नात्यात नसलेले जीव मिळाले तर सुरुवात चांगली, ते शक्यतो वेगवेगळ्या डबक्यांमधून घ्या. जगभरात ठेवलं जाणारं लक्ष्य असं की 100 वर्षांनंतरही मूळच्या जनुकीय वैविध्यातलं 90 टक्के टिकलं पाहिजे. बेडकांमध्ये इथेच एक सापळा आहे, एक जोडी एका रात्रीत हजारो अंडी घालते आणि आनंदाने सगळी वाढवली की पुढच्या पिढीत सगळे एकाच आईबापाचे. म्हणून प्रत्येक जोडीची अंडी वेगळ्या टाकीत, टाकीवर आईबापाचा नंबर, आणि प्रत्येक घराण्यातून साधारण सारखीच पिल्लं पुढे ठेवायची. हे सगळं स्टडबुकमध्ये, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, जातं आणि कुणाची जोडी कुणाशी लावायची ते त्यावरून ठरतं, कोण कुठल्या टाकीत शेजारी आहे त्यावरून नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी उभयचरांसाठी असा पहिला एकत्रित कार्यक्रम 1984 मध्ये प्वेर्तो रिकोच्या तुरेवाल्या भेकासाठी सुरू केला, तो अजून चालू आहे, आतमध्ये जन्मलेले टॅडपोल विमानाने बेटावर नेऊन सोडतात.

खाणं

यावर कमी लक्ष दिलं जातं, आणि मेलेले बेडूक बघितले तर कारण बरेचदा इथेच निघतं. विकतच्या रातकिड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, नुसतं तेच खाऊन बेडकाची हाडं मऊ पडतात. त्यामुळे किड्यांना आधी चांगलं चारायचं, मग कॅल्शियमची पावडर लावून द्यायचं, ज्या जातींना गरज आहे त्यांना यूव्ही-बी दिवा, म्हणजे उन्हासारखे अतिनील किरण देणारा. अ जीवनसत्त्व विसरू नका. अमेरिकेतल्या वायोमिंग भेकांमध्ये ते कमी पडलं तेव्हा जिभेचा चिकटपणा गेला, भेक जीभ मारायचा, किडा समोरच असायचा, पण जिभेला चिकटायचाच नाही. वरून बघणाऱ्याला वाटणार भेक खात नाहीये. छोट्या बेडकांना फळमाश्या आणि स्प्रिंगटेल नावाचे ओल्या मातीतले बारीक उड्या मारणारे जीव लागतात, त्यांची पैदास आपणच करायची, आणि टॅडपोल आणायच्या आधीपासून ती चालू हवी, कारण शेपूट गळाल्यावर त्या इवल्याशा जीवाला भूक लगेच लागते.

पाऊस पाडा

बहुतेक बेडूक तारीख बघून नाही तर हवा बघून जोड्या लावतात. त्यामुळे त्यांना आधी कोरडा किंवा थंड काळ द्या आणि मग एकदम पाऊस, त्यासाठी रेन चेंबर म्हणजे वरून फवारे असलेली टाकी करतात. सोबत त्याच जातीच्या नरांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं तर कधी कधी लगेच फरक पडतो. थंड डोंगरातल्या जातींना फ्रिजसारख्या थंडीत काही आठवडे झोपवावं लागतं. प्रत्येक जातीचा स्वतःचा हट्ट असतो, ऑस्ट्रेलियाचा काळा-पिवळा दक्षिणी कोरोबरी बेडूक पाण्यात नाही तर ओल्या शेवाळात अंडी घालतो आणि पाणी भरेपर्यंत ती तिथेच थांबतात. कॅरिबियन बेटांवरचा डोंगरी कोंबडी म्हणून ओळखला जाणारा मोठा बेडूक बिळात फेसाचं घरटं करतो आणि आई टॅडपोलांना न फळलेली अंडी खाऊ घालते. तिला घरट्यापासून हलवलं तर टॅडपोल उपाशी. अमेरिकेतला दोन फुटी ओझार्क हेलबेंडर सॅलॅमँडर तर सेंट लुइस प्राणिसंग्रहालयाने वाहते कृत्रिम ओढे बांधून दिले तेव्हा 2011 मध्ये त्याची पहिल्यांदा आतमध्ये पैदास झाली.

काहीच जमलं नाही तर हार्मोनची इंजेक्शनं आहेत, पण माझं मत असं की ती शेवटी, कारण इंजेक्शनने अंडी मिळतात पण बेडकाला नक्की काय कमी पडतंय ते कळत नाही. शुक्राणू गोठवून ठेवणं मात्र जरूर करावं, 2019 मध्ये तुरेवाल्या भेकाचं पिल्लू गोठवलेल्या शुक्राणूंपासून झालं, म्हणजे मेलेल्या नराचा वंशसुद्धा पुढे आणता येतो.

सोडायचं कसं

अंडी सोडायची, टॅडपोल, लहान बेडूक की मोठे, यावर वाद चालूच असतात. अंडी आणि टॅडपोल स्वस्त, हजारोंनी सोडता येतात, ते तिथल्याच पाण्यात वाढतात पण बहुतेक खाल्ले जातात. मोठे बेडूक जास्त जगतात पण वाढवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि आतली सवय लागलेली असते. शक्य असेल तर दोन्ही करून बघा आणि आकडे ठेवा. विषारी बाणबेडकांबद्दल एक मुद्दा, त्यांचं विष मुंग्या आणि माइट्स (कोळ्यांच्या गटातले बारीक जीव) खाऊन येतं, आतमध्ये रातकिड्यांवर वाढलेला बेडूक विषारी नसतो, त्यामुळे असा रंगीत बेडूक थेट सोडला तर सापाला तो नुसता खाऊ. आधी काही दिवस जागेवरच जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून तिथले किडे खाऊ द्यायचे.

बुरशी अजून तिथे असेल तर काय, हा खरा प्रश्न. कायट्रिडला साधारण 28 अंशांवरची उष्णता झेपत नाही, म्हणून मॉन्टसेराट बेटावर डोंगरी कोंबडीसाठी सौर ऊर्जेने गरम केलेल्या पाण्याची कुंडं असलेलं कुंपण केलं. कोरोबरी बेडकांसाठी उलटा विचार केला, ऑस्ट्रेलियातल्या कोझियुस्कोच्या डोंगरातच बुरशी घेऊन येणारे बाकीचे बेडूक आत शिरणार नाहीत अशी कुंपणं. कॅलिफोर्नियात डोंगरी पिवळ्या पायांच्या बेडकांना प्राणिसंग्रहालयात मुद्दाम बुरशीची लागण करून, औषधाने बरं करून, मग सोडतात म्हणजे दुसऱ्या वेळी शरीर तयार असतं. सोडायच्या आधी शेवटचा स्वॅब प्रत्येक गटाचा, आणि शंका आली तर सोडणं रद्द. तारीख ठरलीय, पाहुणे बोलावलेत, कॅमेरे आलेत, तरी रद्द.

सोडल्यानंतर

पैसे बहुतेक वेळा इथे संपतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी माहिती आत्ता मिळायला लागते. प्रत्येक बेडूक ओळखता यायला हवा, मोठ्यांना कातडीखाली चिप, छोट्यांना रंगीत ठिपका, नाहीतर पोटावरच्या नक्षीचे फोटो. पॅनामात 2017 मध्ये लिमोसा हार्लेक्विन बेडूक सोडले तेव्हा काहींना अगदी छोटे रेडिओ ट्रान्समीटर बांधले होते. ज्या जातीला वयात यायला चार वर्षं लागतात तिच्याकडे किमान तितकी वर्षं तरी जायला हवं, रात्री टॉर्च घेऊन, त्याच ऋतूत, त्याच डबक्यावर, आणि दरवेळी बूट धुऊन. पहिल्या वर्षी थोडेच सापडतील, त्याने खचू नका, कुठल्या महिन्यात आणि कशाने मेले ते लिहा, पुढची तुकडी त्यावरून सुधारते. आणि पकडलेल्या प्रत्येक बेडकावर आधी चिप शोधा, मग ठिपका, मग फोटोंशी जुळवा. ज्या रात्री असा मोठा बेडूक हातात येईल ज्याच्यावर यातलं काहीच नाही, त्या रात्रीची नोंद सगळ्यात नीट करा, तो तिथेच जन्मलेला आहे.