निवडुंग लावायची योग्य वेळ कशी ठरवावी

निवडुंग कोणत्या महिन्यात लावावा, असं विचारलं की मी आधी उलट विचारते, तुमच्याकडे थंडी कधी संपते आणि पाऊस कधी असतो? उत्तर गोलार्धात एप्रिल म्हणजे वसंत, तर दक्षिण गोलार्धात तोच शरद. म्हणून महिन्याचं नाव बाजूला ठेवायचं आणि रोपाची मुळं कधी वाढतात ते पाहायचं.

सगळं मुळांवरच का अडतं? रोप कितीही जपून कुंडीतून काढलं तरी बारीक मुळं तुटतातच. माती उबदार आणि कोरडी असेल तर त्या जखमा काही दिवसांत सुकतात आणि नवी मुळं फुटतात. माती गार आणि ओली असेल तर त्याच जखमांतून बुरशी आत शिरते. मी एकदा भर पावसात एक गोल निवडुंग बागेत लावला होता. वरून तो हिरवागार, टवटवीत दिसत होता. तिसऱ्या आठवड्यात बुडाशी सहज बोट टेकवलं, तर बोट आतच गेलं. कापून पाहिला तेव्हा मधला भाग तांबूस होऊन पार शेंड्यापर्यंत सडलेला होता. तेव्हापासून मी घाई करत नाही.

पहिली पायरी : रोप जागं आहे का ते बघा

शेंड्याकडे नीट पाहा. वाढीला लागलेल्या रोपाचा शेंडा ताजा, फिकट हिरवा दिसतो आणि तिथले कोवळे काटे बाकीच्या काट्यांपेक्षा रंगाने उठून दिसतात. विश्रांतीत असलेलं रोप निस्तेज असतं, कधी थोडं आक्रसलेलंही. लावायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ही विश्रांती संपून वाढ सुरू होण्याचा सुमार. कळ्या किंवा फुलं आलेली असतील तर ती ओसरेपर्यंत थांबा.

दुसरी पायरी : रात्रीचं तापमान मोजा

दिवसाच्या उन्हावर जाऊ नका. निवडुंगाच्या खोडावरची रंध्रं रात्री उघडतात आणि कर्बवायू तेव्हाच आत घेतला जातो, म्हणून रात्र कशी आहे याला फार महत्त्व आहे. किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक रोपाच्या जागेवर ठेवा. सलग आठ-दहा रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली गेला नाही, तर बहुतेक जाती लावायला हरकत नाही. मेलोकॅक्टससारख्या उष्ण प्रदेशातल्या जातींसाठी मी १५ अंशांपर्यंत थांबते.

तिसरी पायरी : पुढचे सहा ते आठ आठवडे बघा

रुजायला निदान एवढा अवधी हवा. त्या काळात कडाक्याची थंडी, संततधार किंवा होरपळणारं ऊन येणार असेल तर बेत पुढे ढकला.

जिथे बर्फ पडतो तिथे शेवटचं हिम पडून गेल्यावर, वसंतात लावा. ओपुन्शिया फ्रॅजिलिससारखा छोटा निवडुंग कॅनडातही रानात उगवतो, म्हणजे थंडी सोसणाऱ्या जाती आहेतच. पण अशा जाती थंडीच्या तोंडावर अंगातलं पाणी कमी करून सुरकुततात आणि त्या बळावर तगतात. शरदात नुकत्याच लावलेल्या रोपाला ही तयारी करायला वेळच मिळत नाही.

उष्ण, कोरड्या प्रदेशात दोन संधी मिळतात. एक वसंताच्या सुरुवातीला. दुसरी उन्हाळ्याचा तडाखा ओसरल्यावर, पण हिवाळा सौम्य असेल तरच. पारा ४० अंशांवर असताना लावू नका. वाळवंटातल्या झाडाला उन्हाचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातल्या सग्वारो या प्रचंड निवडुंगाची रोपंसुद्धा सहसा एखाद्या झाडाझुडपाच्या सावलीतच तगून मोठी होतात. नव्या रोपाला पहिले दोन-तीन आठवडे दुपारी सावली द्याच. उन्हाने अंगावर पडलेला पांढरट डाग पुन्हा कधी हिरवा होत नाही.

मोसमी पावसाच्या प्रदेशात पाऊस पूर्ण उघडून मातीला वाफसा आला की लावा, किंवा थंडी सरल्यावर. मला पावसानंतरचा काळ जास्त आवडतो, कारण दिवस उबदार आणि रात्री किंचित गार असतात. फक्त पुढे कडक थंडी पडत असेल तर थंडी सरण्याचीच वाट पाहा. पाऊस सुरू व्हायला महिनाच उरला असेल तर रोप कुंडीत लावून छपराखाली ठेवा.

पाऊस हिवाळ्यात पडत असेल तर वसंतात लावा, म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात तुम्ही घालाल तेवढंच पाणी मुळांना मिळेल. बारमाही दमट हवेत ऋतूपेक्षा निचरा महत्त्वाचा. त्यातल्या त्यात कोरडे आठवडे निवडा आणि उंचवट्यावर लावा. घरात ठेवायच्या रोपासाठी दिवस मोठे होऊ लागले की सुरुवात करा.

जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारे निवडुंग या हिशेबात बसत नाहीत. ब्राझीलच्या डोंगरी जंगलातला श्लम्बर्गेरा दिवस लहान झाले की कळ्या धरतो आणि त्या वेळी हलवला तर त्या गळतात. त्याची कुंडी फुलं संपून थोडी विश्रांती झाली की बदलावी.

चौथी पायरी : लावणी

रोप काढायच्या आधी आठवडाभर पाणी बंद करा. जुन्या कुंडीवर उत्तर दिशेची खूण करून ठेवा आणि लावताना तीच बाजू उत्तरेला आणा, म्हणजे सावलीत राहिलेली नाजूक बाजू अचानक उन्हात येणार नाही. वर्तमानपत्राची जाड पट्टी गुंडाळून रोप उचला. काळी पडलेली, पोकळ मुळं कापा आणि रोप सावलीत सुकू द्या. मुळं फारशी दुखावली नसतील तर दोन-तीन दिवस पुरतात. बिनमुळांच्या फाट्याला आठवडा ते दोन आठवडे द्या. कापलेली जागा बोटाला कडक आणि कोरडी लागली पाहिजे. मातीत निम्मी जाडसर वाळू किंवा बारीक खडी मिसळा आणि रोप आधी होतं तेवढंच खोल लावा.

लगेच पाणी घालू नका. मला स्वतःला हेच सगळ्यात जड जातं, कारण नवं लावलेलं रोप तहानलेलं वाटतं. पण आठवडाभर थांबा. मग एक बारीक काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. ती कोरडी निघाली तर सकाळी एकदा भरपूर पाणी द्या आणि माती पुन्हा तळापर्यंत सुकेपर्यंत कुंडीला हात लावू नका. दीड-दोन महिन्यांत शेंड्यावर नवे काटे दिसू लागले की ते रोप रुजलं.