दोन भाषांत सेम शब्द दिसला तर नातं आहे की योगायोग, कसं ओळखायचं

'मता' घ्या. मलय भाषेत मता म्हणजे डोळा, जपानीत 'पुन्हा', स्पॅनिशमध्ये 'मारतो'. अर्थ इतके लांबचे की इथे कोणी फसत नाही, घोळ होतो तो अर्थही जुळला की. ग्रीकमध्ये डोळ्याला 'माती' म्हणतात, मलयमध्ये मता, झालं, लगेच कोणीतरी प्राचीन कनेक्शन काढतंच.

तर पहिलं काम, आजचं रूप विसरा आणि दोन्ही शब्द आपापल्या भाषेत मागे मागे नेत जा. विक्शनरीवर (फुकटचा ऑनलाइन शब्दकोश) एकाच स्पेलिंगखाली सगळ्या भाषा दिसतात, त्यात प्रत्येकीची व्युत्पत्ती वेगवेगळी वाचा, घाई नको. ग्रीक माती मागे नेली की 'ओम्मातिऑन' निघतं, म्हणजे छोटा डोळा, पुढचा ओ आणि शेवटचा भाग झिजून गेला आणि उरली माती. मलय मताची भावंडं बघा, फिजी आणि माओरीत पण मता, हवाईत माका, म्हणजे त्या घरात म पहिल्यापासूनच पुढे आहे. नातं असतं तर मागे जाताना दोघं जवळ आले असते, इथे उलट लांब गेले. (आपली माती मृत्तिकेतून आलीये, ती तिसरीच.)

मग उसना घेतलाय का ते बघा, इथे तारखा कामाला येतात. जपानी 'आरिगातो' (धन्यवाद) पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून (तोही धन्यवादच) आला असं ठोकून सांगणारे खूप भेटतात, पण पोर्तुगीज जपानात पोचले १५४३ ला आणि आरिगातोचं जुनं रूप त्याच्या कित्येक शतकं आधीच्या जपानी लिखाणात आहे. विषय संपला.

आई-बाबांसाठीचे मामा, पापा टाइपचे शब्द सरळ सोडून द्या, बाळं सगळीकडे तसेच आवाज काढतात.

आणि एका जोडीवर कधीच भरवसा नको. इंग्रजी बॅड आणि फारसी बद (आपल्या बदनाममधला) दोन्हींचा अर्थ वाईट, तरी संबंध शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला चक्क 'डॉग' म्हणायचे, तो आला 'गुदागा'सारख्या जुन्या शब्दातून. खरं नातं असलं की तोच आवाजबदल बऱ्याच शब्दांत दिसतो, मग दिसायला साम्य नसलं तरी चालतं. आर्मेनियन 'येर्कू' म्हणजे दोन, आणि तो संस्कृत 'द्वौ'चा खराखुरा नातेवाईक आहे, कारण जुन्या 'द्व'चं 'एर्क' होणं त्या भाषेत इतर शब्दांतही सापडतं.