एकसामयिक समीकरणे कशी सोडवायची आणि उत्तर नेमकं कुठे चुकतं

दोन समीकरणं, दोन चलं, आणि दोन्ही समीकरणांत एकाच वेळी बसणारी किमतींची जोडी शोधायची, एवढंच हे काम. रीत बहुतेकांना पाठ असते. गुण जातात ते वजाबाकीच्या चिन्हांत आणि गुणायच्या राहून गेलेल्या उजव्या बाजूत. म्हणून एकच उदाहरण सावकाश सोडवू.

५क्ष − ६य = २७ … (१)
७क्ष − ४य = २९ … (२)

आधी सहगुणक, म्हणजे चलाला गुणणारा आकडा, बघा. एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल, तर त्या चलाची किंमत दुसऱ्या चलात मांडून उरलेल्या समीकरणात ठेवणं सोपं जातं. इथे तसं केलं तर क्ष = (२७ + ६य)/५ हे लोढणं शेवटपर्यंत ओढावं लागेल. त्यापेक्षा एका चलाचा लोप करू. कोणत्या? क्षच्या सहगुणकांचा (५ आणि ७) लसावि ३५, यच्या सहगुणकांचा (६ आणि ४) लसावि १२. आकडे लहान राहिलेले बरे, म्हणून य घालवू.

(१) ला २ ने आणि (२) ला ३ ने गुणून:

१०क्ष − १२य = ५४ … (३)
२१क्ष − १२य = ८७ … (४)

पहिली चूक इथेच होते: डावी बाजू गुणली जाते आणि २७ तसाच राहतो. दुसरी पुढच्या पायरीवर. दोन्ही −१२य सारख्याच चिन्हाचे आहेत, त्यामुळे वजाबाकी करायची. (४) मधून (३) वजा करताना (३) मधल्या तिन्ही पदांची चिन्हं बदलतात, ५४ चंसुद्धा. ते विसरलं की ११क्ष = १४१ येतं आणि पुढचं सगळं फसतं. ज्यांची चिन्हं वारंवार चुकतात त्यांनी वजाबाकी करूच नये. (३) ला −१ ने गुणून ओळ नव्याने लिहावी आणि सरळ बेरीज करावी:

−१०क्ष + १२य = −५४
२१क्ष − १२य = ८७
बेरीज: ११क्ष = ३३, म्हणून क्ष = ३

ही किंमत (२) मध्ये ठेवली की २१ − ४य = २९, −४य = ८, य = −२. ८ ला −४ ने भागायचं आहे. उणे चिन्ह इथेही हळूच गळतं.

आता ताळा. य काढायला (२) वापरलं, मग ताळाही (२) मध्येच घेतला तर तो जवळपास नेहमीच जुळतो, क्ष चुकीचा असला तरी! कारण य आपण त्या समीकरणात बसेल असाच काढलेला असतो. ताळा दुसऱ्या समीकरणात, आणि तोही मूळ समीकरणात घ्या: ५(३) − ६(−२) = १५ + १२ = २७. जुळलं.

राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात क्रेमरची पद्धतही आहे. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने ती १७५० साली मांडली. ती निश्चयकांवर, म्हणजे तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीवर चालते: ड सहगुणकांचा, डक्षमध्ये क्षच्या आणि डयमध्ये यच्या सहगुणकांच्या जागी उजव्या बाजूचे आकडे. वरच्याच उदाहरणात

ड = (५)(−४) − (−६)(७) = −२० + ४२ = २२
डक्ष = (२७)(−४) − (−६)(२९) = −१०८ + १७४ = ६६
डय = (५)(२९) − (२७)(७) = १४५ − १८९ = −४४

म्हणून क्ष = ६६/२२ = ३, य = −४४/२२ = −२. समीकरण ५क्ष − ६य − २७ = ० असं दिलं असेल, तर स्थिरपद आधी उजवीकडे न्या, नाहीतर दोन्ही उत्तरांची चिन्हं उलटी येतात. कंस न लिहिता निश्चयक तोंडी सोडवण्याचा मोहही टाळा.

ड शून्य आला तर भागाकार करता येत नाही. लोप करताना हीच गोष्ट ० = ५ किंवा ० = ० अशी दिसते आणि मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तसं नसतं. ० = ५ म्हणजे दोन्ही समीकरणांच्या आलेखावरच्या रेषा समांतर, उकल नाही; ० = ० म्हणजे दोन्ही समीकरणं एकाच रेषेची, उकली अनंत.

सहगुणकांची अदलाबदल दिसली तर लसावि काढत बसू नका. २३क्ष + २७य = १७३ आणि २७क्ष + २३य = १७७ यांची बेरीज केली की ५०क्ष + ५०य = ३५०, म्हणजे क्ष + य = ७. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ४क्ष − ४य = ४, म्हणजे क्ष − य = १. मग क्ष = ४, य = ३ तोंडी येतं.

शाब्दिक उदाहरणांतली चूक वेगळी असते. ३ वडापाव आणि २ चहांचे ७४ रुपये, २ वडापाव आणि ५ चहांचे ८६ रुपये. इथे ‘क्ष = वडापाव’ असं लिहू नका; ‘एका वडापावची किंमत क्ष रुपये’ असं पूर्ण लिहा. अक्षर वस्तूचं नाव नसतं, संख्येचं असतं. (भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत, तीही संख्यांसाठीच.) ३क्ष + २य = ७४ आणि २क्ष + ५य = ८६ सोडवल्यावर वडापाव १८ रुपये, चहा १० रुपये. चहाची किंमत उणे आली किंवा माणसं साडेतीन आली आणि आकडेमोड दोनदा तपासूनही तेच येत असेल, तर समीकरण मांडतानाच काहीतरी उलटं लिहिलं गेलंय. प्रश्न पुन्हा वाचा.