व्हेरियन्स काढताना आधी आकडे हलके करा

व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप; ते सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांवरून काढतात. पाच पुड्यांची वजनं ग्रॅममध्ये अशी: 503, 507, 504, 510, 506. यांचे थेट वर्ग करत बसू नका. प्रत्येकातून 500 वजा करा. उरले 3, 7, 4, 10, 6. सगळ्यांतून एकच संख्या वजा केल्याने व्हेरियन्स तसूभरही बदलत नाही.

सरासरी 6. फरक -3, 1, -2, 4, 0. यांची बेरीज शून्य यायलाच हवी, नाहीतर तिथेच थांबून चूक शोधा. वर्गांची बेरीज 30.

आता भागायचं कशाने? हे पाचच पुडे तपासायचे असतील तर 5 ने, उत्तर 6. मोठ्या मालातला नमुना असेल तर 4 ने, उत्तर 7.5. एक्सेलमध्ये पहिल्यासाठी व्हीएआर.पी, दुसऱ्यासाठी व्हीएआर.एस. गडबड बहुधा इथेच होते. आणि हो, एकक ग्रॅम नाही, ग्रॅमचा वर्ग.